हीटरमधून गार हवा? आधी बॉनेट उघडा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात आणि वर्षभर कोणी हात न लावलेलं गाडीतलं हीटरचं बटण तेव्हा कुठे आठवतं. ते लाल खुणेकडे फिरवून पंधरा मिनिटं झाली तरी जाळीतून गारच हवा येते. मग स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि पुढे जायचं, हा आपला शिरस्ता. महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी गॅरेजला कोण जातो?

जायला हवं. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हीटर हे वेगळं यंत्र नसतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचीच एक फांदी डॅशबोर्डच्या मागे नेलेली असते. तिथे छोट्या रेडिएटरसारखी एक जाळी असते. गॅरेजमध्ये तिला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनात तापलेलं कूलंट या कॉइलमधून फिरतं, ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो आणि तीच गरम हवा आपल्या अंगावर येते. म्हणून हीटर गार पडला, तर कूलंटचं काहीतरी बिनसलं असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे त्याची दखल घेतली जात नाही आणि मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाटात तीच गाडी बॉनेटमधून वाफ सोडत कडेला उभी राहते.

या हीटरविषयी इतके गैरसमज रुजले आहेत की लोक चुकीच्या दुरुस्तीवर पैसे घालवतात आणि खरा बिघाड तसाच राहतो.

गैरसमज : गॅस संपलाय, भरून घेतला की हीटर चालेल

एसीचा गॅस आणि हीटर यांचा इंजिनाच्या गाडीत काहीही संबंध नाही. आर-१३४ए असो की नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ, हा वायू फक्त हवा थंड करण्याच्या कामाचा. एसी आणि हीटर यांची बटणं शेजारी असतात, ब्लोअर एकच असतो, हवा एकाच जाळीतून येते, त्यामुळे घोटाळा होतो. हीटर चालत नाही म्हणून कोणी गॅस भरायला सांगितलं, तर सरळ दुसरा मेकॅनिक शोधावा.

गैरसमज : हीटर लावला की ॲव्हरेज पडतं

एसीला हे लागू आहे, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो. हीटर मात्र वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये जातो आणि रेडिएटर तो बाहेर फेकून देतो. त्यातलाच थोडा आपण आत वळवतो. जादा खर्च होतो तो ब्लोअरच्या मोटरला लागणाऱ्या विजेचा, आणि तो नगण्य आहे. घाटात गाडी तापायला लागली की जाणते ड्रायव्हर एसी बंद करून हीटर पूर्ण लावतात, काचा खाली करतात. आत बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण इंजिनाची उष्णता बाहेर काढायला दुसरा छोटा रेडिएटर मिळतो. सुरक्षित जागी थांबेपर्यंत हा उपाय खरोखर उपयोगी पडतो.

गैरसमज : गाडी उभ्या-उभ्या तापवली की हीटर लवकर गरम होतो

थंडगार इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गार हवा येणं अगदी स्वाभाविक आहे. कूलंट तापल्याशिवाय हीटर देणार काय? पण त्यासाठी पार्किंगमध्ये इंजिन घरघरत ठेवून उपयोग नाही. रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनात इंधन कमी जळतं, उष्णताही कमी निघते. डिझेलमध्ये तर फारच कमी. अर्धं-एक मिनिट थांबून गाडी हळू वेगात चालवायला लागावं, इंजिन लवकर तापतं. तोवर ब्लोअर अगदी मंद ठेवावा. शहरात दहा-पंधरा मिनिटं चालवूनही हवा कोमट झाली नाही, तर मात्र बिघाड आहे असं समजून पुढचं वाचावं.

गैरसमज : काटा मध्यावर आहे, म्हणजे कूलंट ठीक आहे

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. तापमानाचा काटा एका सेन्सरवर चालतो आणि तो सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सरभोवती नुसती हवा किंवा वाफ उरली, तर इंजिन जळायला आलं तरी काटा निवांत राहू शकतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत काटाच नाही. सुरुवातीला एक निळा दिवा लागतो, इंजिन तापल्यावर तो विझतो, आणि लाल दिवा लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हीटर मात्र आधीच बोलतो. कारण साधं आहे. लहान गाडीत कूलंट असतं जेमतेम चार-पाच लिटर. त्यातलं थोडं कमी झालं की आत हवा शिरते आणि हवा नेहमी उंच जागा गाठते. बऱ्याच गाड्यांत हीटर कॉइल आणि तिचे पाइप ही त्या मार्गातली उंच जागा असते. तिथे हवा अडकली की कॉइलमधून कूलंट फिरणं थांबतं. मेकॅनिक याला ‘एअर पकडली’ म्हणतात. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल, किंवा गाडी पळताना गरम आणि सिग्नलला उभी असताना गार हवा येत असेल, तर कूलंट कमी असल्याचा संशय पहिला घ्यावा.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडून कूलंटच्या पारदर्शक बाटलीवरच्या दोन खुणा पाहाव्यात. पातळी त्यांच्या मधे हवी. बाटली रेडिएटरपासून वेगळी असलेल्या जुन्या रचनेत बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचं झाकणही उघडून पाहावं. ‘थंड असताना’ हे दोनदा लिहिलं ते मुद्दाम. हे झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनाचं झाकण फिरवलं की दाब एकदम जातो, आतलं सगळं क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. तोंड, मान, हात भाजल्याच्या दुर्घटना याच एका चुकीतून होतात. घाई असली तरी तास-अर्धा तास थांबावं आणि मगच जाड कापड धरून झाकण हळू फिरवावं.

पातळी कमी दिसली तर भरायचं, पण तिथे काम संपत नाही. बंद नळ्यांतून कूलंट आपोआप आटत नाही. ते कुठेतरी गेलेलं असतं. पाइपच्या क्लॅम्पपाशी पांढरट-हिरवट डाग, वॉटर पंपाखाली ओल, सकाळी गाडीखाली थेंब, हे शोधावं. बाहेर कुठेच गळती नाही, तरी बाटली पुन्हा पुन्हा रिकामी होते, इंजिन चालू असताना बाटलीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर निघतो, अशी लक्षणं दिसली तर हेड गॅस्केट उडालं असण्याचा संशय येतो. त्याची एक स्वस्त चाचणी आहे. कूलंटच्या तोंडाशी धरलेल्या नळीतलं निळं रसायन, आत जळका वायू येत असेल तर पिवळं पडतं. हेड खोलण्याच्या खर्चाला ‘हो’ म्हणण्याआधी ही चाचणी करायला सांगावी.

कूलंट भरल्यावर हवा काढणंही तितकंच गरजेचं. गाडीचं तोंड जरा चढावर ठेवायचं, हीटर पूर्ण गरमवर करायचा, इंजिन चालू ठेवून पातळी भरत राहायची, मोठे पाइप दाबून सोडायचे आणि हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत हे चालतं. ही पायरी गाळली म्हणून ‘कालच सर्व्हिसिंग केलं आणि आज हीटर बंद’ अशा तक्रारी येतात.

दोन पाइपांची परीक्षा

पातळी बरोबर आहे, तरी हवा गारच. आता हात वापरायचा. बॉनेटच्या मागच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी पाइप शेजारी-शेजारी आत शिरलेले दिसतात. एक कॉइलला कूलंट देणारा, दुसरा परत आणणारा. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, इंजिन बंद करायचं आणि दोन्ही पाइपांना बोटाच्या मागच्या बाजूने झटकन स्पर्श करायचा. बाही, ओढणी, मफलर पंख्यापासून लांब ठेवायचा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

दोन्ही पाइप चटका बसेल इतके गरम असतील, तर कूलंटचं काम चोख चाललंय आणि दोष डॅशबोर्डच्या आत, हवेच्या झडपेत आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर कॉइल तुंबली आहे, किंवा काही गाड्यांत पाइपावर असलेला हीटरचा वॉल उघडत नाही. दोन्ही गार किंवा कोमट असतील, तर गरम कूलंट तिथवर पोचतच नाही: हवा अडकलीय, वॉटर पंप अशक्त झालाय किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. एवढी माहिती घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर बोलणंच वेगळ्या पातळीवर होतं. डॅशबोर्ड उतरवायचं काम महागडं आणि वेळखाऊ असतं, आणि एकदा उतरवलेला डॅशबोर्ड कुरकुर करायला लागतो. ही परीक्षा केल्याशिवाय त्याला परवानगी देऊ नये.

झडपेचा दोष असेल तर तो त्यातल्या त्यात बरा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कूलंट कॉइलमधून सतत फिरतं आणि गरम-गार हे ठरवते ती हवेची झडप. साध्या गाड्यांत ती केबलने हलते, ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत छोट्या मोटरने. नॉब फिरवताना हाताला काहीच जड लागलं नाही, तर केबल निसटली असेल. डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत राहिला, तर मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजले असतील. आणि हवा गरम आहे पण जोरच नाही, अशी तक्रार असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. पाचोळा आणि धुळीने भरलेला सापडतो.

गैरसमज : साधं पाणी चालतं, आणि गळती थांबवायला हळद उत्तम

तुंबलेली कॉइल कापून पाहिली की आत काय साचतं ते कळतं. शाईच्या रिफिलएवढ्या अरुंद, चपट्या नळ्या, आणि त्यांच्या तोंडाशी गंजाचा विटकरी चिखल, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, कधी पिवळट लगदा. हा लगदा हळदीचा. हायवेवर रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची जुनी युक्ती ट्रक ड्रायव्हरांपासून आपल्यापर्यंत आलेली आहे. हळद भेगेत जाऊन बसते आणि गळती काही वेळ थांबते, हे खरं. पण रेडिएटरची भेग बुजवणारी वस्तू हीटर कॉइलच्या नळ्या सोडून देईल कशी? बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पावडरींचंही तेच. रात्री-बेरात्री अडकलात आणि गावापर्यंत पोचायचं आहे, तर एक वेळ समजू शकतो. पोचल्यावर मात्र गळती नीट दुरुस्त करून सगळा मार्ग धुऊन घ्यावा.

साध्या पाण्याचं नुकसान हळूहळू होतं. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनं असतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ती नसतात, क्षार मात्र भरपूर. ॲल्युमिनियमचं हेड, पंपाची पाती, कॉइलच्या नळ्या सगळं त्यात खराब होतं. आणि हीच गाडी घेऊन कोणी जानेवारीत पुण्याहून मनालीला किंवा स्पितीला निघालं, तर रात्रीत ते पाणी गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्या फुगण्यापुढे रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. जास्त चांगलं म्हणून निव्वळ कूलंट ओतणंही चूक. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठायला लागतं. तयार मिश्रण मिळतं त्यात पुन्हा पाणी घालायचं नसतं, डबा वाचून घ्यावा.

रंगावर जाऊ नये. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने ठरवलेले आहेत. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार महत्त्वाचा. भलत्या प्रकारांची सरमिसळ झाली तर त्यातली रसायनं निकामी होतात, कधी चिकट गाळ धरतो. आणि एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी आहे. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. कुत्री ते चाटतात आणि मरतात. मुलांपासून तर लांबच ठेवा.

तुंबलेली कॉइल लगेच बदलावी लागत नाही. दोन्ही पाइप काढून, परतीच्या बाजूने कमी दाबाने पाणी सोडून उलट दिशेने धुतली तर बऱ्याच कॉइल मोकळ्या होतात. काचेवर आतून चिकट, गोड वासाची वाफ धरत असेल आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट चिकट ओलं असेल, तर मात्र कॉइल फुटलेली आहे आणि ती बदलणं भाग आहे. ओल नुसत्या पाण्याची, बिनवासाची असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. त्यासाठी कॉइल बदलू देऊ नका.

गैरसमज : थर्मोस्टॅट आपल्या हवेत लागत नाही, काढून टाकलेला बरा

गाडी तापायची तक्रार घेऊन गेलं की आजही काही मेकॅनिक थर्मोस्टॅटचा वॉल काढून हातात देतात. ‘थंड देशांसाठी असतो हा,’ असं सांगतात. हे साफ चुकीचं आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची कुपी असलेली झडप. इंजिन थंड असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते. इंजिन याच तापमानाच्या हिशेबाने घडवलेलं असतं, नागपूर असो की नॉर्वे.

ती झडप काढली की कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून धावतं. इंजिन नीट तापतच नाही, संगणक त्याला थंड समजून जास्त इंधन देत राहतो, ऑइलमधली ओल उडून जात नाही, झीज वाढते. हायवेवर समोरून वारा लागला की हीटर गार पडतो. शहरात कोमट आणि हायवेला गार, ही थर्मोस्टॅट नसल्याची किंवा उघडा अडकल्याची ठळक खूण आहे. स्कॅनर लावला तर बऱ्याच गाड्यांत पी ०१२८ हा कोड मिळतो. अर्थ असा, की कूलंट पुरेसं तापत नाही. काही इंजिनांत हीच झडप दुसऱ्या टोकाने आतली पळवाट बंद करते. अशा गाडीत ती काढल्यावर कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट हा तुलनेने स्वस्त भाग आहे. खराब झाला तर बदलावा, गाळू नये.

गैरसमज : एसी आणि हीटर एकत्र लावले तर काहीतरी बिघडतं

काही बिघडत नाही. ते तसेच वापरायला दिलेले आहेत. एसी हवेतली ओल काढतो, हीटर तीच हवा गरम करतो, आणि कोरडी गरम हवा समोरच्या काचेवरची वाफ झपाट्याने उडवते. पावसाळ्यात आंबोली, माळशेज, वरंधा अशा घाटांत काच आतून पांढरी होते, तेव्हा याच जोडीचा उपयोग होतो. सोबत बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवावं. आपल्या राज्यात हीटरची खरी गरज पावसाळ्यातच असते, हे ध्यानात आलं तर तो बंद ठेवून कोणी गाडी चालवणार नाही.

विजेवरच्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे इंजिनाची फुकट उष्णता नाही. बॅटरीची वीज वापरून तापणारं एलिमेंट किंवा हीट पंप हवा गरम करतो, म्हणून थंडीत रेंज घटते. तिथे हीटर गार पडला तर उच्च दाबाच्या विजेशी गाठ असते. नारिंगी वायरींना हात न लावता गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.

राहिली एक गोष्ट, आणि ती जिवाशी संबंधित आहे. हीटर उत्तम चालतोय म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नका. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. त्यातल्या काहींचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली कोंडतो आणि केबिनमध्ये शिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. हिमाचलात, काश्मीरमध्ये गाडी बर्फात अडकलीच, तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, तो पुन्हा साचतोय का पाहत राहा, इंजिन थोडा-थोडा वेळच चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि एकाने तरी जागं राहा.